ड्रमातले बटाटे

नानांनी वॉशिंग मशीनच्या पोटातून ड्रम उपसून काढला, तेव्हा आपण काही गैर करतोय असं त्यांना क्षणभरही वाटलं नाही. उलट एखाद्या गुणी पण दुर्लक्षित कारकुनाला त्याच्या योग्यतेची जागा मिळवून द्यावी, तसं समाधान त्यांना वाटत होतं. माईंचं म्हणणं वेगळं होतं. ते पुढे येईलच. माईंचं म्हणणं पुढे आल्याशिवाय राहत नाही.

पण ड्रमच्या आधी गॅलरी होती.

चौथ्या मजल्यावरच्या त्या गॅलरीत एक वेताची खुर्ची, एक बुटकं स्टूल आणि कोपऱ्यात एक केरसुणी एवढाच संसार होता. खुर्ची नानांची, स्टूल मुंगीचं. मुंगी ही नानांची नात. तिला शाळेच्या हजेरीपुरतं एक वेगळं नाव होतं. पण स्वतःपेक्षा मोठ्या वस्तू उचलून घरभर इकडून तिकडे नेण्याच्या सवयीमुळे घरात तिची मुंगी झाली होती. रोज संध्याकाळी गॅलरीत या दोघांची शाळा भरायची. विषय ठरलेला नसायचा. ढग खाली का पडत नाहीत, साबणाचा फेस पांढराच का, मुंग्या रांगेत का चालतात. या शेवटच्या प्रश्नात विद्यार्थिनीला जरा घरचा ओढा होता. नाना निवृत्त बॉयलर इन्स्पेक्टर. आयुष्यभर कारखान्यांतून हिंडून त्यांनी बॉयलर पास-नापास केले होते, बरेचसे नापासच. पण मुंगीच्या प्रश्नांपुढे हा कडक माणूस लोण्यासारखा व्हायचा.

एका रविवारी सकाळी चिरंजीव हातात मोजपट्टी घेऊन गॅलरीत येऊन उभे राहिले. ते घरून काम करत, म्हणजे जेवणाच्या टेबलावरून करत. कॅमेऱ्यावर साहेबांशी बोलत असताना त्यांच्या मागून कधी माई भाजीची पिशवी घेऊन जात, कधी सूनबाई ओले केस पुसत जाई, कधी मुंगी घडीची शिडी ओढत नेई.

"नाना, इथे काच लावून घेतो," चिरंजीव म्हणाले. "माझी छान केबिन होईल."

"आणि मी?"

"तुम्ही आत बसा. आत पंखा आहे."

"आणि शाळा?"

"हॉलमध्ये भरवा."

"हॉलमध्ये ढग नाहीत," मुंगी म्हणाली.

चिरंजीवांनी मोजपट्टी कठड्याला लावली. "मला सांगा, आज या गॅलरीचा उपयोग काय होतो? एक खुर्ची, एक केरसुणी आणि तुम्ही."

नानांना बाकी काही नाही, पण तो क्रम लागला. आपण केरसुणीनंतर. माणूस दुखावला की तोंडाला येईल ते बोलतो, आणि नाना तर सरकारी नोकरीत असल्यामुळे दुखावले की अधिकृतपणे बोलत.

"ही गॅलरी मनात आणलं तर या घराला जेवू घालील," ते म्हणाले.

"घालू दे की. एक वेळचं जेवण, सगळ्या घराचं, या गॅलरीतून काढून दाखवा. काचेचं नावसुद्धा काढणार नाही."

"पोटभर?" मुंगीने विचारलं.

"पोटभर."

"मग मी पंच," असं म्हणून तिने हातातली शिडी जमिनीवर ठेवली.

आता घराला पोटभर जेवू घालायचं तर कोथिंबीर लावून भागत नाही. नाना दिवसभर विचार करत होते. संध्याकाळी मुंगी स्वयंपाकघरातल्या टोपलीतून एक सुरकुतलेला बटाटा घेऊन आली. त्याला कोंब फुटले होते.

"आजोबा, याला शिंगं आलीत."

शाळा भरली. बटाटा हे मूळ नव्हे, जमिनीखाली दडलेलं खोड आहे. त्याचे डोळे म्हणजे खोडावरचे अंकुर. तिथूनच नवं झाड येतं. आणि बटाट्यावर उजेड पडला की तो हिरवा होतो आणि हिरवा झाला की त्यात विषारी द्रव्य वाढतं, म्हणून हिरवा बटाटा कधी खायचा नाही. मुंगीने सगळं ऐकून घेतलं. हिरव्या बटाट्याचं तर दोनदा म्हणून दाखवलं. नानांना शिकवण्यात जेवढा आनंद व्हायचा तेवढाच ऐकणारं लक्ष देतंय हे पाहण्यात व्हायचा. आपलं शिकवणं कोणी फार लक्ष देऊन ऐकलं तर पुढे काय होतं, याचा अनुभव मात्र त्यांना अजून यायचा होता.

बाजारातून बटाटे आले. ते अंड्यांच्या पुठ्ठ्यात, डोळे वर करून, उजेडाच्या जागी ठेवायचे होते, म्हणजे कोंब आखूड आणि दणकट येतात. उन्हाची नाही पण उजेडाची अशी घरातली एकमेव जागा म्हणजे जेवणाच्या टेबलामागचं फडताळ. बटाट्यांनी तिथे चिरंजीवांच्या डोक्यामागे हळूहळू जांभळट शिंगं काढली. साहेबांनी आधी काही दिवस शिष्टाचार पाळला. मग एकदा महत्त्वाची चर्चा थांबवून त्यांनी विचारलं, "मागे काय आहे ते? काही पाळलंयस का?"

बटाटे तयार झाले, पण लावायचे कशात? बादल्यांना हात लावायचा नाही, असं माईंनी नानांनी विचारायच्या आधीच सांगून टाकलं. सल्ला मिळाला तो वरच्या मजल्यावरून. तिथले गृहस्थ पूर्वी एका शीतगृहात हिशेबनीस होते. तिथे बटाट्यांची पोती यायची आणि जायची, त्यामुळे बटाटा या विषयावर आपला अधिकार आहे असं ते मानत. पोत्याबाहेरचा बटाटा त्यांनी फारसा पाहिला नव्हता.

"पोत्यात लावा," शीतगृहवाले म्हणाले. "बटाट्याला पोत्याची सवय असते."

"पोतं ओलं राहतं. पाणी साचलं की बटाटा कुजतो," नाना म्हणाले. "पाण्याला वाट हवी. चोहीकडून."

हे वाक्य बोलत असतानाच त्यांची नजर न्हाणीघराच्या दारातून आत गेली. तिथे वॉशिंग मशीन झाकण वासून उभं होतं. आठवड्यापूर्वी ते गुरगुरून बंद पडलं होतं. मेकॅनिक येऊन, मोटर काढून, "नवी मिळते का बघतो" म्हणून गेला होता. आत ड्रम चमकत होता. खोल, गंज न चढणारा, आणि तळापासून काठापर्यंत चहूबाजूंनी बारीक बारीक भोकं असलेला. जन्मभर कपडे धुऊनही त्याची खरी लायकी कोणी ओळखली नव्हती.

मशीन दुरुस्त होण्यापलीकडे गेलंय, हा निर्णय नानांनी स्वतः घेतला. जन्मभर यंत्रं नापास केलेल्या माणसाला एखादं यंत्र पास करणं जड जातं. पाना घेऊन ते बसले. मुंगीने स्क्रू बशीत गोळा केले. तळाच्या मोठ्या भोकावर फुटकी बशी पालथी घातली, खाली मातीचा थर दिला, त्यावर बटाटे मांडले, वर पुन्हा माती. माई तेव्हा बहिणीकडे गेल्या होत्या, हा निव्वळ योगायोग होता असं नानांचं म्हणणं आहे.

चार दिवसांनी मेकॅनिक नवी मोटर घेऊन हजर झाला. त्याने मशीनमध्ये डोकावून पाहिलं. मग बॅटरी लावून पाहिलं. मग तो बाहेर आला आणि माईंना म्हणाला, "बाई, मोटर आणलीय. पण फिरवायचं काय?"

माई गॅलरीत गेल्या. बराच वेळ त्यांनी ड्रमकडे पाहिलं. नाना खुर्चीत वर्तमानपत्र धरून बसले होते. ते उलटं आहे हे मुंगीच्या लक्षात आलं होतं.

"माती काढा," माई म्हणाल्या.

"आजी, पेरलंय," मुंगी म्हणाली. "आता ते झोपलेत."

"आणि यात मी उद्या कपडे धुतले तरी," मेकॅनिक मागून म्हणाला, "सदऱ्यांना कोंब फुटतील. राहू दे आता." मोटर पिशवीत घालून तो निघून गेला. जाताना दारात त्याने नानांकडे असं पाहिलं, जसं नाना पूर्वी फुटक्या झडपेकडे पाहत.

माईंनी आवाज चढवला नाही. त्यांनी फक्त निकाल दिला. "पैज दोघांनी लावली. नवं मशीन येईपर्यंत घरातले कपडे दोघांनी धुवायचे. हातानं." आणि नवं मशीन पैजेचा निकाल लागेपर्यंत यायचं नाही, हेही त्यांनीच ठरवलं.

तेव्हापासून रोज सकाळी न्हाणीघरात बाप आणि लेक समोरासमोर पाटावर बसून कपडे धुवू लागले. चिरंजीव साबण लावत, नाना खळबळत. पहिले काही दिवस दोघे बोललेच नाहीत. पिळायच्या वेळी चादरीचं एक टोक याच्याकडे, दुसरं त्याच्याकडे. दोघे उलट दिशांना पीळ देत, आणि राग कोणावर आहे हे चादरीला तरी कळत असावं.

कोंब वर आले तेव्हा मुंगीने शेजारीपाजारी जाऊन सांगितलं. पानं दाट, गडद आणि केसाळ होती. रोप वीतभर वाढलं की भोवती मातीची भर घालायची, फक्त शेंडा बाहेर ठेवायचा, असं नानांनी तिला शिकवलं.

"का?"

"झाकलेल्या खोडाला बटाटे लागतात. म्हणून त्याला गळ्यापर्यंत मातीत ठेवायचं. नुसता चेहरा बाहेर."

"मी पोहायला शिकताना होते तशी."

"अगदी तशी."

पाणी किती घालायचं? बोट खुपसायचं, आत ओल लागली तर थांबायचं. मुंगीला ही परीक्षा एवढी आवडली की तिने ती सगळीकडे चालू केली. सूनबाईने पाहुण्यांसाठी केलेल्या केकमध्ये एका दुपारी पाच खड्डे सापडले. "आत ओल आहे अजून," पंचांनी सांगितलं, आणि तो खरोखरच कच्चा निघाला.

पण भर घालायची म्हणजे माती हवी. आणि माती चौथ्या मजल्यावर उगवत नाही. नाना रोज नर्सरीतून पिशवीभर माती आणू लागले. सातव्या-आठव्या खेपेला जिन्यात सोसायटीचे सेक्रेटरी आडवे आले. हे गृहस्थ शांत, सुस्वभावी आणि नियमाला घट्ट. त्यांच्याकडे पाहिलं की नानांना आपलंच तरुणपण आठवे आणि पित्त खवळे.

"नाना, गॅलरीवर किती वजन चढतंय?"

"झाड आहे हो. कुंडीतलं."

"कुंडी मी खालून पाहिली. कमिटीला दाखला लागेल. गॅलरी हे वजन पेलते, असा सक्षम अधिकाऱ्याचा."

"मी स्वतः सक्षम अधिकारी होतो."

"होतात," सेक्रेटरी नम्रपणे म्हणाले.

त्या एका क्रियापदाने नानांना रात्री जेवण गेलं नाही. ज्याने हयातभर दुसऱ्यांकडे दाखले मागितले, त्याच्याकडे जिन्यात, हातात मातीची पिशवी असताना, दाखला मागितला गेला होता. दुसऱ्या दिवशी कपडे खळबळताना त्यांनी हे चिरंजीवांना सांगितलं. बोलायचं ठरवून नव्हे. जवळ दुसरं कोणी नव्हतं म्हणून.

चिरंजीव साबण घासत राहिले. मग म्हणाले, "मला पण साहेब परवा असंच म्हणाले. तुझ्याकडे बसायला नीट जागा नाही, मोठं काम कसं देऊ? मागे बटाटे आहेत म्हणाले."

नानांनी सदरा पिळायचा थांबवला. "असं म्हणाले?"

"हसून म्हणाले. पण म्हणाले."

नानांनी तो सदरा जरुरीपेक्षा जास्त वेळ पिळला. काचेच्या केबिनचा हट्ट म्हणजे आपल्या खुर्चीवरचा दात, असं त्यांनी धरून ठेवलं होतं. त्या दिवशी पुठ्ठ्यातले उरलेले बटाटे फडताळावरून गुपचूप उतरले.

दाखल्यावर उपाय मुंगीने काढला. वजनाचा धडा चालला होता. ती म्हणाली, "आजोबा, ड्रम जड की कमिटी?"

नानांनी तिच्या पाठीवर थाप मारली. आणि रविवारी त्यांनी सबंध कमिटीला गॅलरीत चहाला बोलावलं. कमिटी खात्यापित्या घरची होती. सेक्रेटरी, खजिनदार, दोन सभासद आणि न बोलावता आलेले शीतगृहवाले, असे सगळे ड्रमभोवती दाटीवाटीने उभे राहिले. चहा झाला, बिस्किटं झाली, पानांचं कौतुक झालं. मग नानांनी घसा साफ केला.

"सभ्य गृहस्थहो, आपण आत्ता पाचजण या गॅलरीत उभे आहात. ड्रमही आहे. गॅलरी जागेवर आहे. पाहणी पूर्ण झाली, असं समजायला हरकत नसावी."

सगळ्यांनी आपापल्या पायाखाली पाहिलं. मग खजिनदारांनी बशी कठड्यावर ठेवली आणि अगदी हलक्या पावलांनी ते आत गेले. बाकीचे एकेक करून, पोट आत ओढून, त्यांच्यामागे. सेक्रेटरी शेवटी राहिले.

"नाना, हे नियमात बसत नाही."

"तुम्ही सगळे गॅलरीत बसलात ना?" मुंगीने विचारलं. त्यानंतर दाखल्याचा विषय निघाला नाही. ड्रम भिंतीकडे, खांबाजवळ सरकवा, एवढं सेक्रेटरी सांगून गेले, आणि ते बरोबर आहे हे नानांना मनातल्या मनात पटलं. उघड पटवून घ्यायला त्यांना सवड नव्हती, कारण तेवढ्यात तिसऱ्या मजल्यावरून दंतवैद्यबाई वर आल्या.

चहूबाजूंनी भोकं असलेल्या भांड्यातून पाणी चहूबाजूंनी येतं, हा मुद्दा कागदावर नीट दिसला असता. दंतवैद्यबाईंच्या हातात त्यांचा पांढरा डगला होता आणि त्यावर तपकिरी ठिपके उडाले होते.

"काका, सकाळपासून दोन पेशंट दारातूनच परत गेले. त्यांना वाटलं, माझ्याकडे काहीतरी फार ओढाताण चालते."

नानांनी क्षमा मागितली. मुंगीने आपला लहानपणचा आंघोळीचा टब ओढत आणला आणि तो ड्रमखाली गेला. बाई मात्र जायला तयार नव्हत्या. त्या रोपांकडे वाकून पाहत होत्या.

"आत किती आलेत, बघितलंत का?"

"बघायचं नसतं."

"बरोबर आहे. सारखं चाचपून बघू नका, हे मी रोज सांगते लोकांना. पण मुळाशी काय आहे हे बघितल्याशिवाय राहवत नाही हो."

"मूळ नाही, खोड," मुंगी म्हणाली. बाईंनी जरा निराश होऊन मान हलवली. खोडात त्यांना रस नव्हता.

या पिकाचा खरा छळ हाच. टोमॅटो असता तर रोज दिसला असता. बटाट्याचं सगळं मातीआड. घरातल्या प्रत्येकाला हात घालून बघायचा मोह होत होता. सूनबाई कामावर जाताना ड्रमवर टकटक करून जायची. माई तर "बघा हं, आत काही नसणार" असं म्हणायच्या आणि दुपारी कोणी नाही असं पाहून पानांवरची कीड एकेक वेचून काढायच्या.

पांढरी फुलं येऊन गेली आणि काही दिवसांनी पानं पिवळी पडू लागली. मग सुकली. मग दांडे कलंडून ड्रमच्या काठावरून बाहेर लोंबू लागले.

खालून ते दृश्य फार करुण दिसत असलं पाहिजे. पहिले शीतगृहवाले आले. ते दारातच चप्पल काढून, आवाज खाली आणून म्हणाले, "कळलं. वाईट झालं."

"काय वाईट झालं?" नाना आनंदात होते. "पाला सुकला म्हणजे बटाटे तयार. आता फक्त साल घट्ट व्हायची वाट बघायची."

शीतगृहवाल्यांनी माईंकडे पाहून सावकाश मान हलवली. दंतवैद्यबाई येऊन गेल्या. त्यांनी नानांचा हात हातात घेतला आणि अशा वेळी मन गुंतवायला काहीतरी नवीन हाती घ्यावं असं सुचवलं. सेक्रेटरींनीसुद्धा लिफ्टचं दार स्वतः उघडून धरलं. नाना जितके हसून समजावत, तितकी लोकांची खात्री होई की धक्का मोठा बसला आहे. ड्रमजवळ खुर्ची ओढून, सुकलेल्या काड्यांकडे प्रसन्नपणे पाहत बसलेला म्हातारा पाहून कोणाला काय वाटणार?

चिरंजीवांनाही तेच वाटलं. त्यांनी काचवाल्याला रविवारी मापं घ्यायला बोलावलं, पण ते सांगताना त्यांचा चेहरा पडला होता. कपडे धुताना, साबणाच्या वडीकडे बघत ते म्हणाले, "घाई नाही नाना. नुसती मापं."

"बोलाव की. रविवारीच काढायचेत बटाटे. पंच हजर राहतील."

रविवारी गॅलरीत जुनी चादर अंथरली गेली. काचवाला टेप घेऊन दारात उभा, त्याच्यामागे शीतगृहवाले, त्यांच्यामागे दंतवैद्यबाई. सगळ्यांचे चेहरे सभ्यपणे गंभीर. नानांनी आणि चिरंजीवांनी दोन बाजूंनी ड्रम धरला. दोघांनी मिळून ओल्या चादरी पिळून पिळून हात सरावले होते. ड्रम एका दमात पालथा झाला.

माती सुटली आणि बटाटे घरंगळले. लहान, मोठे, जोडीजोडीने, मुंगीच्या पायापर्यंत. शीतगृहवाले "अरे वा" म्हणाले. माईंनी तोंडाला पदर लावला. काचवाल्याने आपण होऊन टेप खिशात घातला. बटाट्यांचा ढीग बघता घराला दोन वेळचं जेवण सहज होणार होतं. नाना ताठ उभे राहिले. केरसुणी कोपऱ्यात होती. तिच्याकडे त्यांनी एकदा पाहून घेतलं.

मुंगीने एक बटाटा उचलून फ्रॉकला पुसला. मग उजेडात धरला. मग दुसरा पुसला.

"आजोबा," ती हळूच म्हणाली. "ठिपके आहेत. हिरवे."

नानांनी बटाटा हातात घेतला. त्यावर बारीक, गोल, हिरवे ठिपके होते, रांगेत, सारख्या अंतरावर. त्यांनी तो ड्रमच्या भिंतीला लावून पाहिला. ठिपका न् ठिपका भोकाशी जुळला. ज्या भोकांनी पाणी बाहेर गेलं होतं, त्याच भोकांनी उजेड आत आला होता. ड्रमच्या कडेने लागलेला सगळा माल ठिपक्यांचा.

"जरा जाड साल काढली की..." शीतगृहवाले म्हणाले.

"काढता येईल," चिरंजीवही म्हणाले. त्यांना म्हणायची काही गरज नव्हती.

 मुंगी नानांकडे बघत होती. ढगांचं, फेसाचं, मुंग्यांचं जे जे त्यांनी सांगितलं ते तिने आजवर खरं धरलं होतं, आणि आता हिरव्या बटाट्याचं खरं की काढता येण्यासारखं, एवढंच तिला हवं होतं. गॅलरी तिलाही हवी होती. स्टूल तिचंच होतं.

नानांनी बटाटा खाली ठेवला. आयुष्यात शेकडो बॉयलरांवर त्यांनी शेरे मारले होते. हात कधी अडखळला नव्हता.

"नापास," ते म्हणाले. "ठिपक्यांचे सगळे बाजूला."

दोन ढीग झाले. मोठा ढीग ठिपक्यांचा. ड्रमच्या मध्यातले, अंधारात वाढलेले, तेवढे निर्मळ निघाले. माईंनी ते ओटीत घेतले आणि उकडले. वर मीठ, मिरपूड आणि लोण्याचा गोळा. ताटात माणशी दोन आले. बटाटे गुळगुळीत, पातळ सालीचे, आणि चव अशी की पहिला घास संपायच्या आत सगळ्यांचे हात दुसऱ्याकडे गेले. मग ताटं रिकामी झाली. फार लवकर झाली.

पंच उठून उभ्या राहिल्या. "खरं सांगायचं. आजी, पोट भरलं?"

"माझं काय, भरलं," माई म्हणाल्या. सूनबाईनेही मान डोलावली.

"आजोबा?"

"नाही," नाना म्हणाले. ते चटकन म्हणाले, म्हणजे लांबण लागायला नको.

"बाबा?"

चिरंजीवांनी ताटातलं लोणी बोटाने पुसून घेतलं. दारात काचवाला अजून घुटमळत होता. माईंनी त्यालाही एक बटाटा दिला होता.

"नाही भरलं," चिरंजीव म्हणाले. "अजून हवेत."

नानांनी मान हलवली आणि खुर्चीकडे पाहिलं. ती आत कुठे ठेवायची, याचा ते विचार करू लागले होते.

"मी म्हणालो होतो, एक वेळचं जेवण," चिरंजीव पुढे म्हणाले. "कोणत्या वेळचं ते म्हणालोच नव्हतो. पंच, पैजेत मुदत होती का?"

मुंगीने आठवून पाहिलं. "नव्हती."

"मग निकाल कसला लागतोय? ठिपक्यांचे बटाटे पेरता येतात ना, नाना?"

"खायचे नाहीत," नाना सावकाश म्हणाले. "पेरायला उत्तम." मग त्यांना एकदम काहीतरी सुचलं. इतकं साधं की त्यांना स्वतःचाच राग आला. "आणि काय रे, दिवसा तू माझ्या खोलीत का नाही बसत? मी दिवसभर गॅलरीतच तर असतो. खोली रिकामी. दार आहे, खिडकी आहे, मागे भिंत कोरी आहे."

चिरंजीवांनी ताट बाजूला सारलं. "हे आधी का नाही म्हणालात?"

"तू मोजपट्टी घेऊन आलास. खोली मागायला कुठे आलास?"

"आणि मला कोणी विचारलं?" माई ताटं गोळा करत म्हणाल्या. "पहिल्याच दिवशी सांगितलं असतं. एक मशीन वाचलं असतं."

काचवाला ठिपक्यांचे दोन बटाटे कागदात बांधून घेऊन गेला. ते खायचे नाहीत, हे मुंगीने त्याच्याकडून दोनदा म्हणवून घेतलं.

पुढच्या आठवड्यात नवं वॉशिंग मशीन आलं. हमालांनी ते हॉलच्या मध्यावर ठेवलं आणि खोका उतरवून घेतला. भलामोठा, जाड पुठ्ठ्याचा, चारही बाजूंनी बंद. नाना त्याच्याभोवती एक फेरी मारून आले. मुंगीने आत शिरून झाकण लावून घेतलं.

"आजोबा," आतून आवाज आला, "काळोख आहे. पूर्ण."

नानांनी पुठ्ठ्यावर टकटक केली. मग त्यांची नजर हळूहळू, अगदी सहज, शेजारच्या नव्या मशीनकडे, त्याच्या बंद झाकणाकडे गेली.

"अहो," माई म्हणाल्या, "खोक्याकडेच बघा."